परतीचं माझ्याकडे नसतं

त्या कचेरीत टेबलं तीन होती आणि जग तिघांत वाटून दिलेलं होतं. डोंगर, जुनी शहरं आणि भांडणारी गिऱ्हाइकं मालकांकडे. विमानं, बोटी आणि त्यांच्या वेळा तिकीटवाल्याकडे. उरलेलं, म्हणजे बेटं, किनाऱ्यावरची गावं, झोपाळे टांगलेले लॉज आणि एकूणच जे जे म्हणून उबदार असेल ते सगळं, खिडकीजवळ बसणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे बेटबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर, आणि शेवटी बाई स्वतःच फोन उचलून 'बेटबाई बोलतेय' म्हणू लागल्या, तेव्हा त्यातली गंमत संपली आणि ते नाव झालं.

गाव थंड होतं. वर्षातला बराच काळ आभाळ ओल्या चादरीसारखं खाली लोंबत असे. कचेरीच्या एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला शाळेच्या गणवेशांचं, आणि मधल्या काचेत मालकांनी प्लॅस्टिकचा एक माड उभा केलेला. त्याच्या पानांवरची धूळ बाई ओल्या फडक्याने पुसत. समुद्रकिनाऱ्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध येवढाच. बेटबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. ही काही लपवायची गोष्ट नव्हती, पण सांगायची वेळही कधी आली नाही. पोटाचे आजार बरे करणाऱ्या डॉक्टरला, तुमचं पोट कधी दुखलंय का, असं कोण विचारतं?

आणि तरीही बाईंनी आखलेली सहल म्हणजे दगडावरची रेघ. आई-बापांना घेऊन जाणारे, नवीन लग्न झालेले, डॉक्टरांनी हवापालट सांगितलेले, सगळे त्यांच्याच टेबलापुढे रांग लावत. मालकांचं टेबल रिकामं असलं तरी लोक म्हणत, आम्ही थांबतो.

बाईंच्या कामाची एक रीत होती. गिऱ्हाईक हवं-नको सांगून गेलं की त्या लगेच काही लिहीत नसत. जेवणाच्या सुट्टीत मागच्या कोठीत जात. तिथे जुन्या माहितीपत्रकांची खोकी रचलेली होती आणि काचेतल्या मांडणीतून निवृत्त झालेली एक वेताची आरामखुर्ची होती. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि ती सहल चालून बघायची. 'चालून बघणं' हा बाईंचाच शब्द. त्या गिऱ्हाइकाबरोबर धक्क्यावर उतरत. बरोबर म्हातारी आई असेल तर तिच्या चालीने उतरत. सावली कुठे संपते, चढ कुठे लागतो, म्हातारी कुठे 'आता जरा टेकू' म्हणेल आणि तिथे टेकायला काय आहे, दुपारचं ऊन कोणत्या खिडकीतून नेमकं उशीवर येतं, हे सगळं पायाखालून जाई. मग बाहेर येऊन त्या सांगत, "तुम्ही मागच्या बाजूची खोली घ्या. समुद्र दिसत नाही, पण तुमच्या सासऱ्यांना दुपारची झोप लागते."

हे त्यांना कुठून कळे, यात गूढ काही नव्हतं. परत आलेल्या गिऱ्हाइकांची त्या उलटतपासणी घेत. खोलीचं दार ओढून लावावं लागतं की ढकलून? सकाळी पहिला आवाज कसला येतो? पायऱ्यांवर शेवाळ आहे का? लोक आपल्या सुट्टीचं कौतुक सांगायला येत आणि दरवाजाच्या बिजागऱ्यांबद्दल साक्ष देऊन जात. दीपगृहाच्या बेटाबद्दल तर बाईंना इतकं ठाऊक झालं होतं की, तिथल्या लॉजवाल्याने भिंतींचा रंग बदलला तेव्हा बाईंना तो पसंत पडला नव्हता.

फक्त शेवटचा दिवस त्या चालत नसत. शेवटच्या संध्याकाळी पाहुण्यांना किनाऱ्यावर आणून बसवलं की बाई डोळे उघडत आणि टेबलावर येऊन कागदावर लिहीत, 'संध्याकाळ मोकळी'. पुढे कोणी विचारलंच, तर मान न उचलता म्हणत, "परतीचं माझ्याकडे नसतं. ते तिकीटवाल्याकडे." आणि कोणी विचारतही नसे. सुट्टी आखायला बसलेल्या माणसाला परतीचं बोलायला आवडत नाही. ते आजारी माणसाजवळ मृत्युपत्राचं बोलण्यासारखं वाटतं.

बरीच वर्षं असं सुरळीत चाललं. मग एका दुपारी निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. दीपगृहाच्या बेटावरून नुकत्याच परतलेल्या. नाकाची सालं निघत होती आणि चेहऱ्यावर तक्रार होती.

"सहल उत्तम झाली," त्या म्हणाल्या. "पण तुमचं वागणं मला पटलं नाही."

"काय झालं?"

"मी समोरून हात केला. दोनदा. तुम्ही सरळ माझ्याकडे बघून समुद्राकडे तोंड फिरवलंत. सुट्टीवर असलं म्हणून काय झालं, ओळख द्यायला पैसे पडतात?"

"मी इथेच होते," बाई म्हणाल्या.

"असं कसं? धक्क्याच्या टोकाला बाकावर बसला होतात. हाच स्वेटर घालून. मला नवल वाटलं, म्हटलं, या उन्हात स्वेटर?"

बाईंनी आपल्या अंगातल्या मोहरी रंगाच्या स्वेटरकडे पाहिलं. कचेरीतला हीटर मालकांच्या पायांपुरताच तापत असल्याने हा स्वेटर त्या बारा महिने वापरत. उजवं कोपर विरलं तेव्हा नवऱ्याने तिथे तपकिरी लोकरीचं ठिगळ लावून दिलं होतं. त्याला तारा गुंडाळायची सवय असल्यामुळे ते ठिगळ फारच घट्ट बसलं होतं.

"दुसरं कोणी असेल," बाई म्हणाल्या.

"मी बत्तीस वर्षं शाळा चालवली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एकीच्या जागी दुसरी उभी राहिली तर मला कळतं."

त्या गेल्यावर तिकीटवाला म्हणाला, "बाई, आम्हाला न सांगता परस्पर जाऊन येता होय? तिकीट तरी माझ्याकडून काढायचं."

सगळे हसले. बाईही हसल्या. पण त्यानंतर दाताचे डॉक्टर सपत्नीक येऊन तेच सांगून गेले, आणि त्यानंतर नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. नवऱ्याने बायकोला उचललेलं, पाठीमागे निळा-हिरवा समुद्र, आणि कडेला, अर्धवट कापली गेलेली, बाकावर बसलेली एक पाठमोरी बाई. उन्हात मोहरी रंग झगझगत होता. बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. उजव्या कोपरावर तपकिरी ठिगळ होतं.

"या तुम्हीच ना?" मुलीने विचारलं. "आम्हाला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आपली आखणी करणाऱ्या बाई जातीने लक्ष ठेवून आहेत."

मालकांनाही बरं वाटलं. ते म्हणाले, ही अफवा आहे की काय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पण धंद्याला चांगली आहे.

बाईंचे यजमान लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. फारसं न बोलणारा, बोलला तरी यंत्राबद्दल बोलतोय की माणसाबद्दल हे चटकन न कळणारा असा हा गृहस्थ. आसपासच्या इमारतींत लोक त्यांना लिफ्टवाले म्हणत. अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांशी बाहेरून बोलत राहायची त्यांना सवय असल्याने आवाज नेहमी शांत. त्यांच्या आयुष्यात एकही धड सुट्टी झालेली नव्हती, कारण सुट्टीच्या दिवशी इमारतीत पाहुणे येतात आणि पाहुणे आले की लिफ्ट अडकते.

बायकोत काहीतरी कमी झालंय हे प्रथम त्यांच्याच लक्षात आलं.

"अगं, मीठ दे," ते जेवताना म्हणत. बाई ताटाकडे बघत राहत. त्यांनी घास चावून गिळला, पाण्याचा घोट घेतला, की मग बाई मान वर करून म्हणत, "देते." पूर्वी परदेशी फोन लागला की आपलं बोलणं तिकडे पोचायला आणि तिकडचं इकडे यायला जसा वेळ लागे, तसंच. लेकीनेही फोनवर तक्रार केली. म्हणाली, "बाबा, आई मध्येच लाइन सोडून जाते का?" लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि दर आठवड्याला फोन करी. लिफ्टवाले म्हणाले, "लाइनवरच असते. पण लाइन लांबलीय."

मग दुकानांची आपोआप उघडणारी दारं. बाई पुढे उभ्या राहिल्या तर दार उघडेना. मागून कोणी आलं की उघडे. बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना थंडी वाजायचीही बंद झाली होती. स्वेटर त्या केवळ सवयीने घालत.

आणि मग लिफ्ट. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट जुनी, पण लिफ्टवाल्यांनी लाडाने वाढवलेली. तिला माणसांचा भार कळत असे. जास्त झाला की घंटा वाजवून ती दार उघडं ठेवी. एका रविवारी सकाळी ते कामावरून चाचणीची लोखंडी वजनं घेऊन आले आणि बाईंना म्हणाले, "जरा खाली ये. पाच मिनिटांचं काम आहे."

बाई आल्या. यजमानांनी लिफ्टमध्ये एकेक वजन मांडलं. घंटा वाजायच्या अगदी काठावर आणून ठेवलं. मग त्यांनी बाईंच्या हातातली भाजीची पिशवी घेऊन आत टेकवली. घंटा वाजली. पिशवी बाहेर काढली. घंटा थांबली.

"आता तू जा आत."

बाई आत गेल्या. घंटा वाजली नाही. दार मिटलं आणि लिफ्ट त्यांना घेऊन वर गेली, सगळ्या मजल्यांवरून गुळगुळीत, आणि खाली आली. दार उघडलं तेव्हा यजमान तिथेच उभे होते.

जिन्यावरून उतरणारे शेजारी थबकले. "काय लिफ्टवाले, पुन्हा बंद का?"

"नाही. चालू आहे."

"मग वहिनींना कशाला तोलताय?" शेजारी हसत निघून गेले.

"सेन्सर बिघडला असेल," बाई म्हणाल्या. उत्तर यायला नेहमीसारखाच वेळ लागला.

"दोनदा बदलला."

"मग दोष कशात आहे?"

लिफ्टवाल्यांनी फडक्याला हात पुसले. "दोष नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "घट म्हणता येईल."

त्या दुपारी चहा पुढ्यात ठेवून त्यांनी बायकोला सगळं बैजवार विचारलं. बाईंनी सांगितलं. मुख्याध्यापिकांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, फोटोतलं ठिगळ सांगितलं. कोठीतली खुर्ची आणि चालून बघणं सांगितलं. हे त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं. नवरा काय, तिकीटवाला काय, पुरुषांना अशा गोष्टी सांगितल्या की ते मदत करायला येतात. लिफ्टवाल्यांनी मध्ये एकदाही 'असं कसं होईल' असं म्हटलं नाही. बिघाड सांगणाऱ्याला असं म्हणायचं नाही, हे त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

"म्हणजे तू जातेस," ते म्हणाले.

"मनाने जाते."

"तेच. दर वेळी थोडी जातेस. आणि आणतं कोण?"

"परतीचं माझ्याकडे नसतं. ते तिकीटवाला बघतो."

"तो गिऱ्हाइकांना आणतो. तुला?"

बाईंनी कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. 

"लिफ्ट वर पाठवायची, पाठवत राहायची, आणि खाली बोलवायचं बटणच दाबायचं नाही," लिफ्टवाले म्हणाले. "मग ती वरच उभी राहणार, दुसरं काय. तिचा काय दोष?"

मग ते म्हणाले, "सगळी जायच्या आत आणली पाहिजे." आवाज शांतच होता. पण बाईंच्या हातातला कप त्यांनी काढून घेतला आणि बायकोचा तळवा आपल्या तळव्यात धरून पाहिला, वजन बघितल्यासारखा.

म्हणजे आता परतीचा दिवस चालून बघायला हवा होता, आणि बाईंना त्या दिवसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तिकीटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बोट सकाळी सुटते, मग बस, मग विमान, मग रेल्वे, मग आपलं स्टेशन. "ते झालं वेळापत्रक," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी असतं काय?"

"परतीच्या दिवशी काय असणार? परत येतात."

बाईंनी मुख्याध्यापिकांना फोन केला. त्या आठवू लागल्या आणि अडखळल्या. शेवटची संध्याकाळ त्यांना लख्ख आठवत होती. मग एकदम घर, कुलूप, दूध नासलेलं. मधलं काही नाही. डॉक्टरांचं तेच. नवीन जोडप्याने एकमेकांकडे बघितलं आणि मुलगी म्हणाली, "अय्या, आलो कसे आपण?" बाईंनी जुन्या-नव्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारलं. कोणालाही परतीचा दिवस आठवत नव्हता. सगळे कसे कोण जाणे, पण आलेले होते.

"एक जण असेल," लिफ्टवाले म्हणाले. "ज्याला सुट्टी अजिबात आवडली नाही असा कोणी?"

असा एकच होता. कचेरीत त्यांना तक्रारआजोबा म्हणत. मुलगा-सून त्यांना बळेबळे दीपगृहाच्या बेटावर घेऊन गेले होते आणि येऊन त्यांनी मालकांना तोंडी फैलावर घेतलं होतं. बाई त्यांच्या घरी गेल्या. आजोबा हीटरला पाय लावून बसले होते. बाईंना बघून त्यांनी आधी वाळू, खारट हवा आणि लॉजवाल्याचं हसणं यांचा समाचार घेतला. मग बाईंनी परतीच्या दिवसाचं विचारलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"बाई, काय दिवस होता तो," आजोबा म्हणाले. "सगळ्यांच्या आधी उठलो. बॅग दाराशी. धक्क्यावर फळ्या ओल्या, त्यातली तिसरी का चौथी दबते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. खलाशी पोरगेलासा, दोर फेकताना शिटी वाजवतो. इंजिनाच्या धुराचा वास येतो. लोक म्हणतात घाण वास. मला विचाराल तर अत्तर. आणि बाकावर बेटाकडे पाठ करून बसायचं. सून म्हणाली, बाबा, बघा तरी. म्हटलं, बघितलंय."

"मग?"

"मग मोठ्या लाटा लागतात तिथे पोटात खड्डा पडतो. मग बस, मागच्या सीटवर रडकं पोर. विमानात कोरडं सँडविच. आणि मग आपलं स्टेशन. दार उघडलं की थंडी अशी तोंडावर बसते." त्यांनी स्वतःच्या गालावर तळवा आपटून दाखवला. "मी सांगतो, सुनेसमोर डोळे पुसले मी."

बाई उठल्या तेव्हा म्हातारा म्हणाला, "तुम्ही होतात तिथे त्या दिवशी. धक्क्यावर. मी विचारलं, येताय का. तुम्ही म्हणालात, कोणी न्यायला येणार आहे."

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तीही आयुष्यात पहिल्यांदा, त्यामुळे वरिष्ठांना ती मंजूर करायची असते हेच आठवेना. जेवणाच्या सुट्टीत दोघं कोठीत गेली. बाई खुर्चीत बसल्या. वेताने कुरकुरदेखील केलं नाही. यजमान समोर एका खोक्यावर बसले.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "काही लागलं तर बाहेरून बोलत राहीन."

बाईंनी डोळे मिटले.

त्या नेहमीसारख्या धक्क्यावर उतरल्या, पण या वेळी बरोबर गिऱ्हाईक नव्हतं. सकाळ होती. फळ्या ओल्या होत्या. टोकाच्या बाकावर ती बसली होती, आणि तिच्या मांडीखालची फळी भाराने जराशी वाकली होती. केस उन्हाने तांबूस झालेले, मान रापलेली. बाईंनी इतकं भरलेलं, इतकं जागच्या जागी असलेलं माणूस पाहिलं नव्हतं. त्या शेजारी बसल्या तेव्हा फळी हलली नाही.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं."

"इतक्यांना पोचवायला आलीस, एकदाही मागे बघितलं नाहीस. डोळे उघडायचीस आणि जायचीस. मी उरायची." तिच्या आवाजात राग नव्हता. लॉजच्या पाण्याची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. "आता तिकडे कोण असतं?"

"मी असते. म्हणजे, असते थोडीफार."

"आणि हे?"

"हे आहेत. खोक्यावर बसलेत."

ती हसली. त्या हसण्यात अर्ध्या आयुष्याचा संसार होता. बाईंना स्वतःला तो आता इतका स्पष्ट आठवत नव्हता. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. आपल्याजवळ तिकडे जे उरलंय असं वाटत होतं, तेही बरंचसं इकडेच आहे.

"हा स्वेटर का घालून बसतेस? उकडत नाही?"

"ज्या कपड्यांत आणलंस त्यांत आहे. काढायचं तू कधी मनात आणलं नाहीस."

खलाशाने शिटी वाजवत दोर सोडला. बाई उठल्या. "चल."

ती उठली नाही. "मला इथलंच माहीत आहे," ती म्हणाली. "तिकडे दार कुठून उघडतं, पहिला आवाज कसला येतो, काही आठवत नाही. तिकडे गेल्यावर मला सांगणार कोण?"

"मी सांगेन."

"तू असशील?"

 लांबून, अगदी लांबून, शांत आवाजात कोणीतरी म्हणत होतं, 'घाबरू नकोस, मी बाहेरच आहे, दार उघडतंय.' बाईंनी हात पुढे केला. तिने तो धरला, आणि तिचा हात ऊन खाल्लेल्या दगडासारखा गरम होता.

दोघी दबणारी फळी टाळून बोटीत चढल्या. बेटाकडे पाठ करून बसल्या. बाक अरुंद होता. खांद्याला खांदा लागला, दंडाला दंड. मोठ्या लाटा सुरू झाल्या तिथे पोटात खड्डा पडला. त्याच्या अलीकडे बाकावर दोघी होत्या आणि पलीकडे एक. कोणी कोणाला आणलं हे विचारायला शेजारी कोणी नव्हतं. मग बस, मागे रडकं पोर. कोरडं सँडविच. स्टेशनचं दार उघडलं, आणि थंडी तोंडावर येऊन बसली.

खुर्ची मोठ्यांदा कुरकुरली. लिफ्टवाले ताडकन उठले.

"आलीस?"

"आले," बाई म्हणाल्या. लगेच. लिफ्टवाल्यांचा प्रश्न पुरा होतो न होतो तोच.

यजमानांनी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, आणि उठवताना त्यांना जोर लावावा लागला, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की, दारातून डोकावणारा तिकीटवाला चटकन मागे सरला. बाई थंडीने कुडकुडत होत्या. त्यांच्या मानेला उन्हाचा वास येत होता.

घरी जाताना लिफ्टवाले आयुष्यभरात बोलले नव्हते तितकं बोलले. लेकीला आजच फोन करू म्हणाले, नवी खुर्ची घेऊ म्हणाले, मालकांना सांगून बेटं सोड आणि डोंगर घे म्हणाले. बाई सगळ्याला वेळच्या वेळी हो म्हणत होत्या. दुकानाच्या दारासमोरून जाताना दार उघडलं आणि आतली ऊब बाहेर आली. इमारतीशी पोचल्यावर बाई थांबल्या, वर बघितलं, मजले न्याहाळले.

"आपला वरून दुसरा," त्या म्हणाल्या. "जिन्याच्या डाव्या हाताचं दार. ओढून लावावं लागतं."

"बरोबर," लिफ्टवाले म्हणाले, आणि मग त्यांना ते बरोबर असणं जरा खटकलं.

घरात बाई खोलीतून खोलीत हिंडल्या. सगळं त्यांना ठाऊक होतं. कपाटाचं कोणतं दार अडतं, सकाळी पहिला आवाज दूधवाल्याचा की पाण्याच्या पंपाचा, उशीवर ऊन कधी येतं. काहीच चुकलं नाही. पडदा बाजूला करून त्यांनी खालची करडी गल्ली, वाळत घातलेले पण न वाळणारे कपडे, समोरची भिंत इतक्या लक्ष देऊन पाहिली की लिफ्टवाल्यांनीही शेजारी येऊन पाहिली. त्यांना भिंतच दिसली. त्यांनी चहा केला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "थँक्यू हं." या घरात चहाला थँक्यू म्हणायची पद्धत कधीच नव्हती.

मग त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, बॅग अजून उघडायची असलेल्या माणसासारख्या, आणि प्रसन्नपणे सगळीकडे बघत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं अगदी तसंच आहे."

लिफ्टवाले समोर बसले. त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. सगळी होती. डोळे, मान, कोपरावरचं ठिगळ. काही राहून गेलेलं नव्हतं.

"किती दिवस आहोत आपण इथे?" बाईंनी विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. या वेळी तो लिफ्टवाल्यांना लागला.

"बरेच," ते म्हणाले. "चहा घे. गार होईल."